मोहाच्या घडीला सोबत

पौलाने गलतीया प्रांतातल्या मंडळ्यांना पत्र लिहिले ते एका भांडणात पडून. इसवी सनाचे पहिले शतक अर्धे सरत आले होते. आजच्या तुर्कस्तानच्या मधल्या भागातली ही माणसे बहुतेक यहूदी नव्हती. मूर्तिपूजा सोडून ख्रिस्ताकडे आलेली होती. पौल पुढे निघून गेल्यावर त्यांच्यात दुसरे शिक्षक आले. नुसत्या विश्वासाने भागत नाही, सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, मगच तुम्ही देवाचे पुरते लोक, असे ते सांगू लागले. मंडळ्यांत तट पडले. अंत्युखियात तर कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे यावरून पौल आणि पेत्र यांच्यात चारचौघांसमोर खटका उडाला होता. तो प्रसंगही पौलाने या पत्रात हातचे न राखता सांगितला आहे.

देहस्वभावाच्या वासना आणि पवित्र आत्म्याने चालणे यावरची ख्रिस्ती शिकवण ज्या उताऱ्याच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, तो पाचवा अध्याय या भांडणाच्या ऐन मध्यात आहे. एकमेकांना चावाल आणि फाडून खाल तर एकमेकांच्या हातून संपाल, असे बजावून पौल लगेच आत्म्याने चालण्याकडे वळतो. हा संदर्भ सोडून उतारा वाचला की त्याचा अर्थ आकसतो. उरतो तो फक्त एकट्या माणसाचा, बंद खोलीतला, आपल्या शरीराशी चाललेला झगडा. आपल्या मंडळ्यांत तो बहुतेक वेळा असाच आकसून शिकवला जातो. त्यातून किती प्रामाणिक माणसे आतल्या आत खचतात, हे पाहूनच या पुस्तकाची जुळवाजुळव सुरू झाली.

पौलाची यादीच नीट पाहा. देहस्वभावाची पंधरा कृत्ये त्याने मोजली आहेत. पहिली तीन लैंगिक स्वैराचाराची, त्यापुढची दोन मूर्तिपूजेची आणि चेटकाची, शेवटची दोन दारूबाजीची आणि बेताल मेजवान्यांची. मधली आठ म्हणजे वैर, कलह, ईर्षा, संताप, स्वार्थी चढाओढ, फूट, गटबाजी आणि हेवा. यादीचा निम्म्याहून अधिक भाग माणूस माणसाशी कसा वागतो याबद्दल आहे. आपला उपदेश मात्र आधीच्या तिघांवर आणि शेवटच्या दोघांवर रेंगाळतो, मधल्या आठांवरून झरझर पुढे जातो. दारू पिणारा मंडळीला माहीत असतो. त्याच्यासाठी घरसभेत प्रार्थना मागितली जाते. वाटणीवरून सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे अबोला धरलेला गृहस्थ मात्र पुढच्या बाकावर बसतो, दानाची थैली फिरवतो, आणि त्यात कोणाला काही खटकत नाही. पौलाला खटकले असते.

यावरून एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. पौल ज्याला देहस्वभाव म्हणतो तो हाडामांसाचा देह नव्हे. हेवा करायला आणि गट पाडायला हाडामांसाची फारशी गरज लागत नाही. ज्या श्रद्धेत देवाचा पुत्र मरियेच्या पोटी देह धारण करतो, ज्या श्रद्धेत देहाचे पुनरुत्थान दर रविवारी कबूल केले जाते, तिला देहाचा तिटकारा परवडणारा नाही. देवापासून तोंड फिरवून स्वतःभोवतीच घुटमळणारे सगळे जगणे, मग ते जिभेचे असो, पैशाचे असो की मानपानाचे, पौलाच्या लेखी देहस्वभावाचे आहे. आत्म्याचे फळ म्हणून तो जे सांगतो, ते प्रेम, आनंद, शांती, सोशिकपणा, ममता, चांगुलपणा, इमान, सौम्यपणा आणि संयम. यातले बहुतेक गुण दुसरे माणूस समोर असल्याशिवाय दिसूच शकत नाहीत.

पुस्तकाचा मोठा भाग मी इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या ख्रिस्ती साधकांना दिला आहे. वाचकाला प्रश्न पडेल, की मंडळीच्या एकत्र जगण्याबद्दल बोलायचे आणि उदाहरणे मात्र जग सोडून गेलेल्यांची, हे कसे? याचे उत्तर एव्हाग्रियसच्या आयुष्यात आहे.

एव्हाग्रियस काळ्या समुद्राकाठच्या पोंत प्रांतातला, जन्म 345च्या आसपासचा. बासिलने त्याला वाचकाची दीक्षा दिली, नाझियानझसच्या ग्रेगरीने डीकन केले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये वादविवादात त्याचा हात धरणारे थोडे होते. तिथेच तो एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या प्रेमात पडला. त्याचा शिष्य पॅलेडियस याने पुढची हकिगत लिहून ठेवली आहे. एका रात्री एव्हाग्रियसला दृष्टांत झाला. त्यात आपल्याला अटक झाली आहे असे दिसले, आणि शुभवर्तमानावर हात ठेवून त्याने शहर सोडण्याची शपथ घेतली. शपथ पाळून तो जहाजाने यरुशलेमला पोचला. शहर सुटले, पण मन होते तिथेच राहिले. नटणे-मुरडणे आणि मिरवणे परत सुरू झाले. मग ताप आला, तो सहा महिने हटेना, वैद्य थकले. तिथे थोरली मेलानिया नावाची रोमन खानदानातली विधवा मठ चालवत होती. हा आजार साधा नाही हे तिने ओळखले आणि खरे काय ते सांग म्हणून त्याला गळ घातली. तेव्हा कुठे त्याने सगळे बोलून टाकले. तिने त्याच्याकडून संन्यस्त जीवनाचा शब्द घेतला, त्याच्यासाठी प्रार्थना केली, आणि थोड्याच दिवसांत तो उठून बसला. साधारण 383 साली तो इजिप्तला गेला. आधी नित्रियात आणि मग केल्लियाच्या वस्तीत, 399 साली मरेपर्यंत, हस्तलिखितांच्या नकला करून तो पोट भरत राहिला.

वासनेबद्दल सगळ्यात बारकाईने लिहिणारा हा माणूस पळून जाऊन सुटला नाही. कोणापुढे तरी तोंड उघडल्यावर सुटला. केल्लियातल्या झोपड्याही एकमेकींपासून दूर असत, पण शनिवारी आणि रविवारी सगळे चर्चमध्ये जमत, एकत्र जेवत, आणि तरुण साधक आपल्या मनातले विचार वडीलधाऱ्या अब्बांपुढे मांडत. आपण ज्यांना एकांतवासी म्हणतो त्यांच्या एकांताला हा असा आधार होता.

एव्हाग्रियसने माणसाला छळणारे आठ विचार सांगितले: खादाडपणा, कामवासना, धनलोभ, उदासी, क्रोध, उबग, लौकिकाची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला इथे षड्रिपू आठवतील, आणि आठवावेतच. काम, क्रोध, लोभ, मद हे शत्रू आपल्या संतपरंपरेने आपल्याला लहानपणापासून ओळखून दिले आहेत. पण दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरकही कळतो. एव्हाग्रियसच्या यादीत मत्सर नाही. तो पुढे पोप ग्रेगरीने घातला. उलट उदासी आणि उबग यांना तो लोभाच्या नि क्रोधाच्या पंगतीत बसवतो. प्रार्थनेत मन न लागणे, आपण जिथे आहोत तिथून उठून जावेसे वाटणे, हाही शत्रूच, असे तो म्हणतो.

उबगेचे त्याने केलेले वर्णन सोळाशे वर्षांनंतरही ओळखीचे वाटते. सकाळी दहाच्या सुमारास हा विचार येतो आणि दुपारी दोनपर्यंत हलत नाही. सूर्य जागचा सरकत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक सारखा खिडकीतून बाहेर पाहतो, दाराशी जाऊन उन्हाचा अंदाज घेतो, कोणी येताना दिसतो का म्हणून मान वळवतो. मग वाटू लागते, की या लोकांत आता प्रेम उरलेले नाही, आपली विचारपूस करणारा कोणी नाही. कोणी पूर्वी दुखावलेले असेल तर तेही नेमके तेव्हाच आठवते. दुसरीकडे गेलो तर काम हलके मिळेल, नाव होईल. देव काय, कुठेही भेटतो. हातातला मोबाइल दर दोन मिनिटांनी उघडून बघणाऱ्या आपल्या पोरांना, आणि त्यांच्या आईबापांनाही, ही दुपार कोणी समजावून द्यावी लागणार नाही.

लोभाबद्दलही असेच. लोभी माणूस म्हटले की सोन्याच्या थैल्या डोळ्यांपुढे येतात. एव्हाग्रियस दाखवतो तो लोभ भित्रा आहे: लांबलचक म्हातारपण येईल, हात चालेनासे होतील, दुष्काळ पडेल, आजार जडेल, दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज वाट्याला येईल. ज्याला आपण शहाणपणाने केलेली तरतूद समजतो, तिच्या तळाशी देवावरचा अविश्वास कधी येऊन बसला ते कळतही नाही.

या विचारांचे करायचे काय? विचार मनात येणे आपल्या हाती नाही, तो मनात मुक्काम करतो की नाही हे आपल्या हाती आहे, ही एव्हाग्रियसची भूमिका. अब्बा पोएमेनकडे आलेल्या एका भावाची गोष्ट याच अर्थाची आहे. मनात नाना विचार येतात आणि मी संकटात आहे, असे तो म्हणाला. पोएमेनने त्याला झोपडीबाहेर नेले आणि छातीवरचे वस्त्र पसरून वारा पकडायला सांगितले. ते जमणार नाही, भाऊ म्हणाला. मग विचारांना येण्यापासून अडवणेही तुला जमणार नाही, पोएमेन म्हणाला; तुझे काम त्यांना तोंड देण्याचे. मोह होणे आणि पाप करणे यांतला हा फरक आपल्या तरुण मुलामुलींना वेळीच सांगितला गेला, तर कित्येक वर्षांचे रडणे वाचेल. आपल्या मनात असले काही येतेच कसे, या धक्क्यानेच ती अर्धी हरलेली असतात. प्रभू येशूलाही मोह झाला, चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भुकेच्या वेळी. त्याने सैतानाला तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिले. तोच कित्ता गिरवून एव्हाग्रियसने आठ भागांचा एक ग्रंथ लिहिला: अमुक विचार असा बोलू लागला तर शास्त्रातले हे वचन त्याच्या तोंडावर म्हण, अशी जवळपास पाचशे उत्तरे. मूळ ग्रीक ग्रंथ हरवला; सिरियाक भाषांतरामुळे तो आपल्याला वाचायला मिळतो.

तोंड देणे म्हणजे झगडा संपणे नव्हे, हेही वाळवंटातल्या या साधकांनी लपवले नाही. अम्मा सारा तेरा वर्षे कामवासनेशी झुंजली. ही झुंज संपू दे अशी प्रार्थना तिने एकदाही केली नाही. मला बळ दे, एवढेच ती मागत राहिली. ठेंगू योहानाने मात्र वासना काढून घेण्याची प्रार्थना केली आणि ती फळाला आली. मन अगदी निवांत झाले. त्याने हे एका वृद्ध अब्बाला सांगितले. वृद्ध म्हणाला, जा, आणि झुंज परत दे म्हणून देवाकडे माग. जीव वाढतो तो तिच्यामुळे. योहानाने ऐकले, आणि पुढे तो फक्त सोसण्याची ताकद मागू लागला. आपल्या सभांतून ज्या साक्षी दिल्या जातात त्यांत बहुधा एका रात्रीत सुटलेल्यांच्याच हकिगती असतात. त्या खऱ्या असतात, देवाची स्तुती व्हावी अशाच असतात. पण सारासारखी तेरा वर्षे झुंजणारी बहीण त्या सभेत मागच्या रांगेत बसलेली असते आणि आपलाच विश्वास कमी पडला असे समजून घरी जाते. तिची साक्ष कोणी मागत नाही. हे पुस्तक आधी तिच्यासाठी आहे.

या साधकांत राहून आलेल्या जॉन कॅसियनने लिहून ठेवलेला एक प्रसंग मी मुद्दाम सविस्तर देतो, कारण पौलाचा पाचवा आणि सहावा अध्याय त्यात एकत्र दिसतात. कामवासनेने हैराण झालेला एक तरुण साधक एका वृद्धाकडे गेला आणि त्याने मन मोकळे केले. वृद्ध कडाडला. असल्या नीचाला साधक म्हणवून घेण्याचा हक्क नाही, असे बोलून त्याने त्याला घालवून दिले. तरुण पार खचला. आता हे जगणे सोडून लग्न करावे आणि संसाराला लागावे, असे ठरवून तो गावाकडे निघाला. वाटेत अब्बा अपोलो भेटला. पोराचा चेहरा पाहून त्याने चौकशी केली. पहिल्यांदा उत्तरच आले नाही, त्याने पुन्हा पुन्हा विचारले. सगळे ऐकल्यावर अपोलो म्हणाला, मी इतका म्हातारा झालो तरी मलाही हे विचार सतावतात. एक दिवस थांब, माझ्यासाठी म्हणून झोपडीत परत जा. मग अपोलो त्या वृद्धाच्या झोपडीबाहेर उभा राहिला आणि त्याने रडत प्रार्थना केली, की या पोराचा मोह या म्हाताऱ्यावर येऊ दे, म्हणजे दुबळ्याचे दुखणे त्याला उतारवयात तरी कळेल. थोड्याच वेळात तो वृद्ध वेड लागल्यासारखा आत-बाहेर करू लागला आणि शेवटी तरुण ज्या वाटेने गेला त्याच वाटेने गावाकडे सुटला. अपोलोने त्याला अडवले, माघारी नेले, समज दिली आणि त्याच्यासाठीही प्रार्थना केली.

गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय आत्म्याच्या चालीशी चाल मिळवण्याबद्दल बोलून संपतो, आणि सहाव्याच्या पहिल्याच ओळीत पौल पाय घसरलेल्या भावाकडे वळतो: त्याला सौम्यपणे परत उभे करा, आणि तसे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवा. मूळ पत्रात अध्याय नव्हतेच. ती विभागणी पुष्कळ नंतरची. आपण उपदेशासाठी उतारा निवडताना नेमके तिथेच थांबतो. कोणी आत्म्याने चालतो की नाही याची पौलाने दिलेली पहिली परीक्षा ही आहे, की पडलेल्या माणसाशी तो कसा बोलतो. त्या कडाडणाऱ्या वृद्धाने आयुष्यभर उपास केले असतील, वासनेला जवळ फिरकू दिले नसेल. तरीही तो या परीक्षेत नापास झाला.

स्वतःच्या बळावर हे जमते का, हा वाद पाचव्या शतकाच्या आरंभी पेटला आणि त्यात संत ऑगस्टीन उतरला. ऑगस्टीनचे 386 सालचे परिवर्तन सर्वांना ठाऊक आहे: मिलान, बाग, लहान मुलाचा ऐकू आलेला आवाज, रोमकरांस पत्राचे पान. त्याच दिवशी थोडा वेळ आधी एका पाहुण्याने त्याला इजिप्तच्या वाळवंटातल्या अँथनी या साधकाची कथा सांगितली होती, हे तितकेसे सांगितले जात नाही. वाळवंटाचा हात मिलानपर्यंत असा पोचला. मला अधिक मोलाचे वाटते ते त्याच्या आत्मकथनाचे दहावे पुस्तक. परिवर्तनाला दहा-बारा वर्षे होऊन गेलेली, ऑगस्टीन आता हिप्पोचा बिशप. तो स्वतःची झडती घेतो. जेवताना भूक कुठे संपते आणि चव कुठे सुरू होते हे कळत नाही. चर्चमधल्या गाण्यात अर्थापेक्षा सुरात मन गुंतते. रानातून जाताना कुत्रा सशामागे धावताना दिसला की प्रार्थना अर्धी राहते. घरात पाल माशा पकडत असेल तरी तेच. लोकांनी केलेली स्तुती आवडते, आणि ती आवडत नाही असे म्हणण्यातही स्तुतीचीच हाव असते. देवा, तुझी आज्ञा पाळण्याचे बळही तुझ्याकडूनच येऊ दे, अशा आशयाची त्याची एक प्रार्थना ऐकून त्या वादातला त्याचा प्रतिपक्षी पेलाजियस चिडला होता. अशाने माणसे हातपाय गाळून बसतील, अशी त्याला भीती होती. ती भीती समजण्यासारखी आहे, पण रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात जे करायचे नाही तेच मी करतो म्हणून कळवळणारा पौल आठव्या अध्यायात सुटका शोधतो ती निर्धारात नव्हे, पवित्र आत्म्यात. या बाबतीत मी ऑगस्टीनच्या बाजूचा आहे.

एव्हाग्रियसचे आठ विचार कॅसियनने पश्चिमेत नेले. पोप ग्रेगरीने सहाव्या शतकाच्या अखेरीस गर्वाला मूळ मानून त्यातून फुटणारे सात दुर्गुण मांडले, आणि त्यातून आज कॅथलिक मुलांना शिकवली जाणारी सात महापापे घडली. यात सोय झाली, तसे थोडे नुकसानही झाले. विचार ओळखण्याची वडीलधाऱ्यांपुढची रीत मागे पडली आणि पापांची मोजणी पुढे आली. विचार वेळीच बोलून टाकण्याची रीत पुन्हा पुन्हा नव्याने शोधली गेली. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने 1738च्या नाताळच्या दिवशी लहान गटांसाठी नियम लिहिले. दर भेटीत प्रत्येकाने मागच्या भेटीनंतर कोणते पाप घडले, कोणते मोह झाले आणि त्यांतून कशी सुटका झाली हे सांगायचे होते. आपल्याकडे 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, पंडिता रमाबाईंनी सांभाळलेल्या विधवा आणि दुष्काळातून आलेल्या मुलींत जे आत्मिक जागरण झाले, त्यातही रडून केलेली पापकबुली आणि एकमेकींसाठी तासन्‌तास केलेली प्रार्थना होती. त्याच मुली पुढे गट करून खेडोपाडी सुवार्ता सांगायला गेल्या.

एका बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. जिथे एकाच्या वासनेचा मार दुसऱ्याने खाल्ला आहे, घरात मारहाण झाली आहे, लेकराच्या अंगावर कोणी हात टाकला आहे, तिथे त्याला मोह म्हणून आपापसात प्रार्थनेवर मिटवणे हे पाप आहे. तिथे आधी दुखावलेल्याला संरक्षण आणि कायदा. सौम्यपणाचे वचन दाखवून पीडितेला गप्प बसवणाऱ्यांनी पौलाचा आधार घेऊ नये. तसेच दारूच्या व्यसनात आणि खोल निराशेत डॉक्टरची गरज असते. मेलानियाने एव्हाग्रियसचे दुखणे ओळखले ते वैद्यांचे इलाज होऊन गेल्यावर.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय आणि सहाव्याचा आरंभ, ओळीओळीने. दुसऱ्यात आठ विचार, प्रत्येकी एक प्रकरण. उबगेचे प्रकरण सर्वांत मोठे आहे, कारण त्याबद्दल मराठीत सर्वांत कमी बोलले गेले आहे. तिसऱ्यात ऑगस्टीन, वेस्ली आणि केडगाव. प्रत्येक प्रकरणाखालचे प्रश्न दोघा-तिघांनी बसून बोलायचे आहेत, वहीत उत्तरे लिहून ठेवायची नाहीत. प्रायश्चित्तकाळात रोज थोडे वाचता येईल अशी प्रकरणे पाडली आहेत. ज्यांच्या मंडळीत तो काळ पाळत नाहीत त्यांनी केव्हाही सुरुवात करावी, मात्र सोबतीला बसणारे माणूस आधी शोधावे.